लक्झरी स्टोअर बंद झालं तर मुलीच्या नोकरीचं काय?

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम. झाली असून पुण्यात घड्याळांच्या शोरूममध्ये दीड वर्ष सेल्सला आहे. मुंबईत बीकेसीला नव्यानं उघडणाऱ्या एका परदेशी ब्रँडच्या स्टोअरमधून तिला ऑफर आली आहे. ही दुकानं दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळतात असं ऐकतो. तिला पाठवावं का? – एक वडील, सांगली

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे. तरी माझं मत आहे की तिला जाऊ द्या. फक्त सही करण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या.

आधी दुकानं बंद का होतात ते पाहू. मॉलमधला करार बहुधा नऊ वर्षांचा असतो आणि त्यातली पहिली तीन वर्षं लॉक-इनची, म्हणजे त्या काळात जागा सोडता येत नाही. भाडं म्हणजे ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीतला ठरावीक टक्का, यांतलं जे जास्त ते. तिसरं वर्ष संपताना लॉक-इन सुटतं आणि त्याच सुमाराला भाडंही वाढतं. विक्रीतला टक्का त्या किमान रकमेच्या आसपासच रेंगाळत असेल तर कंपनी जागा सोडते. तुमच्या कानावर आलेली ‘दोन-तीन वर्षं’ बहुतेक इथूनच आली असावीत. शिवाय बाजार जागा बदलत असतो. 2003 मध्ये लुई व्हिताँनं भारतातलं पहिलं दुकान दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलात थाटलं. तेव्हा अशा ब्रँडना साजेसे मॉलच आपल्याकडे नव्हते. 2008 मध्ये दिल्लीत डीएलएफ एम्पोरिओ आलं, 2023 मध्ये बीकेसीत जिओ वर्ल्ड प्लाझा आणि 2025 मध्ये काळा घोड्याला गॅलरी लाफायेत हे फ्रेंच डिपार्टमेंट स्टोअर. एका ठिकाणी शटर खाली येतं, दुसरीकडे वर जातं. गिऱ्हाईक तिकडे जातं, आणि गिऱ्हाइकाची आवडनिवड जाणणारा सेल्समनही त्याच्यामागे जातो.

म्हणून पहिली तपासणी ऑफर लेटरची : पगार देणारी कंपनी कोणती आहे? ब्रँडची स्वतःची भारतातली कंपनी असेल तर दुकान हललं तरी दिल्ली, बेंगळुरूला बदली मिळू शकते. अनेक ब्रँड चालवणारा भारतीय भागीदार असेल तर दुसऱ्या ब्रँडमध्ये सामावून घेण्याची सोय असते. मात्र लेटरहेड मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं असेल तर सावध राहा; दुकान बंद होताना पहिली कात्री तिथेच लागते.

दुसरी गोष्ट, रुजू होण्याची तारीख. स्टोअर उघडण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी बोलावत असतील तर ती संधी सोडू नका, कारण ओपनिंगचं काम पुन्हा पुन्हा शिकायला मिळत नाही. रंगकाम उरकायच्या आत माल येऊन पडतो. खोका फोडायचा, प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर मालासोबत आलेल्या चलनाच्या कागदाशी ताडायचा, मगच सिस्टीमला चढवायचं. इथे घाईत एक नंबर चुकला तर वर्षभर प्रत्येक स्टॉक-टेकमध्ये, म्हणजे मालाच्या मोजणीत, तो फरक छळतो. आयात परफ्यूमच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश हे सगळं छापलेलं किंवा चिकटवलेलं लागतं. लेबल नसेल तर माल दारात असूनही विकता येत नाही. फर्निचर परदेशातून येतं. एक काच काही मिलिमीटरनं मोठी निघाली की अख्खं शोकेस अडतं. हे सगळं स्नॅग-लिस्टमध्ये, म्हणजे राहिलेल्या त्रुटींच्या यादीत, रोजच्या रोज लिहून पाठपुरावा करणारी मुलगी मॅनेजरच्या लगेच लक्षात येते.

घड्याळांकडून चामड्याकडे जायचं असेल तर मुंबईचा पावसाळा समजून घ्यावा लागेल. रात्री मॉलचा एसी बंद झाला की स्टॉकरूममधली आर्द्रता चढते, आणि जुलैत बॅगेच्या शिवणीत, हँडलच्या खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी धरते. हवेतला दमटपणा शोषणारा डीह्युमिडिफायर रात्रभर चालू ठेवणं, आतला टिश्यूपेपर आणि सिलिका जेल वेळच्या वेळी बदलणं, बॅग ठेवायच्या कापडी धूळपिशवीवर प्लॅस्टिक न चढवणं, ही कामं बारीक वाटतात. पण डाग पडलेली बॅग पूर्ण किमतीला जात नाही.

बिलिंगचे नियम तोंडपाठ हवेत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, बिलाचे तुकडे करूनही नाही. 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर किंवा हँडबॅगवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर, आकारायला लागला. गिऱ्हाईक काउंटरवर हुज्जत घालतं तेव्हा ‘ही रक्कम तुमच्या नावे जमा होते, रिटर्न भरताना वळती करता येते’ हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

तिसरी गोष्ट इन्सेंटिव्हची, म्हणजे विक्रीचं लक्ष्य गाठल्यावर पगाराखेरीज मिळणाऱ्या पैशांची. तो तिच्या स्वतःच्या विक्रीवर की दुकानाच्या एकूण विक्रीवर, आणि पहिल्या तिमाहीत लक्ष्य किती, हे लेखी घ्या. उद्घाटनाच्या गर्दीवर बेतलेलं लक्ष्य चौथ्या महिन्यात गाठणं अवघड जातं. मुंबईचं भाडं निव्वळ मूळ पगारात बसत असेल तरच हो म्हणा. इन्सेंटिव्ह हिशेबात धरू नका.

चौथी गोष्ट वेळेची. महाराष्ट्रात रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते. मॉल दहाला बंद होत असेल तर परतीच्या गाडीचं आत्ताच विचारा.

आणि खरंच दुकान बंद झालं तर? तेव्हा तिनं लगेच पळू नये. शेवटची मोजणी, उरलेला माल दुसऱ्या स्टोअरला पाठवणं, दुरुस्तीला आलेल्या वस्तू मालकांना परत करणं, हे निस्तरणारी माणसं कमी मिळतात आणि पुढच्या मुलाखतीत त्याला वजन असतं. मात्र ग्राहकांची यादी स्वतःच्या फोनमध्ये उतरवून नेऊ नये. ती कंपनीची असते आणि त्यावरून नोकरीचं प्रमाणपत्र अडतं. नव्या वेतन संहितेप्रमाणे राहिलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवं. अनुभवपत्रात ‘स्टोअर ओपनिंग’ आणि ‘स्टोअर क्लोजर’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत.

पुण्याचा राजीनामा मात्र नव्या कंपनीचं सही-शिक्क्याचं पत्र हातात आल्यावरच द्या. स्टोअरची तारीख एकदा तरी पुढे ढकलली जाते, आणि ती ढकलली गेली तर पगार कोणत्या दिवसापासून सुरू होणार हे त्याच पत्रात असू द्या.