कार्ट्रिज कपाटात ठेवू नका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात घरच्या टर्नटेबलवर लिहिलं होतं, त्यावर सगळ्यात जास्त पत्रं कोकणातनं आली आणि बहुतेकांची काळजी एकच, ओलावा. त्यातली तीन इथे घेतलीयत. नवख्यांसाठी, कार्ट्रिज म्हणजे टोनआर्मच्या (रेकॉर्डवर फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला बसणारी, सुई धरणारी आणि खाचेतल्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारी डबी, आणि मूव्हिंग कॉइल म्हणजे जिच्यात सुईबरोबर तारेचं वेटोळं हलतं ती जात. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण विषयच तसा आहे.

प्रश्न : रिटायर झाल्यावर मुंबईचं बिऱ्हाड हलवून गुहागरला आलो, घरापासून समुद्र अडीचशे पावलं. एकसष्टीला लेकाने मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज दिली, किंमत सांगेना पण बिल हाती लागलं, लाखाच्या वर आहे. तेव्हापासून सुई खाली ठेवताना हात थरथरतो. मंडळी म्हणतात मिरगाच्या आधी काढून कपाटात ठेवा, गणपती झाले की लावा. काय करू?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : काका, लावलेलीच राहू दे आणि रोज वाजवा. कपाट अजिबात नको, कारण आपल्याकडे पावसाळ्यात बंद कपाटासारखी कोंदट जागा घरात दुसरी नसते, चामड्याच्या चपला आणि कॅमेऱ्याच्या लेन्स तिथेच बुरसतात. शिवाय कार्ट्रिजमधली खरी नाजूक वस्तू म्हणजे कॅन्टिलिव्हरच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या बारीक दांडीच्या, मुळाशी असलेलं इवलंसं रबर, ते वाजवलं तरी म्हातारं होतं आणि नाही वाजवलं तरी होतं. ठेवून दिल्याने फक्त हिरा झिजायचा वाचतो. मी रत्नागिरीच्या घरी एक चांगली कार्ट्रिज दोन पावसाळे डब्यात घालून जपली होती, बाहेर काढली तर पहिले बरेच तास आखडल्यासारखी वाजत होती, तबल्याचा डग्गा नुसता कोरडा, आणि त्या दोन वर्षांत जे ऐकायचं राहिलं ते राहिलंच, त्याची हळहळ मला अजून आहे.

हिऱ्याचा हिशोब तुम्हीच करून बघा. एलपीची एक बाजू साधारण २० मिनिटं, म्हणजे रोज एक आख्खी एलपी ऐकलीत तर ४० मिनिटं, वर्षाचे झाले २४० तासांच्या आसपास. साधी इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) सुई ३०० ते ५०० तास धरतात, पण तुमच्या किमतीच्या कार्ट्रिजला बहुधा शिबाटा किंवा मायक्रोलाइन घडणीची सुई असते, ती रेकॉर्ड स्वच्छ असतील तर ८०० ते १००० तास जाते. म्हणजे रोज ऐकून तीन-चार वर्षं. नंतर मूव्हिंग कॉइलची सुई आपल्याला घरी बदलता येत नाही, ती कारागिराकडून नव्याने बसवून घ्यायची किंवा कंपनीला जुनी देऊन नवी घ्यायची, तेव्हा एक वही करून तास लिहीत जा, आपण गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो तसं.

आता खारी हवा. हिऱ्याला तिचं काही होत नाही, ती धरते जोडांना. पितळेची भांडी कळकतात ना, तसेच हेडशेलचे (टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज ज्यात बसवतात त्या भागाचे) कॉन्टॅक्ट आणि कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक क्लिपा काळवंडतात, आणि या कार्ट्रिजचा सिग्नल ०.३ मिलीव्होल्टच्या आसपास, इतका किरकोळ की जोडावरची जराशी पुटंसुद्धा त्याला अडवतात. मग एक बाजू मधेच बारीक होते, खरखरते आणि माणूस घाबरतो की लाखाची वस्तू गेली. गेलेली नसते. आगोटीच्या कामांत हे एक काम घाला, ॲम्प बंद करायचा, सुईवर टोपी चढवायची, हेडशेल काढून त्याचे कॉन्टॅक्ट कापसाच्या काडीवर कॉन्टॅक्ट क्लीनर घेऊन पुसायचे, पाऊस संपल्यावर परत एकदा. स्क्रू पिळायचे असतील तर लोखंडी स्क्रूड्रायव्हर कार्ट्रिजजवळ नेऊ नका, आतलं चुंबक जबरदस्त असतं, हातातनं ओढून घेतं आणि कॅन्टिलिव्हर तिथल्या तिथे मोडतो. चुंबकाला न चिकटणारा घ्या.

पण काका, मला हवेपेक्षा जास्त भीती वाटते ती तुमच्या रेकॉर्डची. मुंबईहून आणलेले खोके पडवीत नाहीतर माळ्यावर असतील तर आधी ते उघडून बघा. कागदी पाकीट ओलावा धरून ठेवतं आणि त्यातनं रेकॉर्डवर पांढुरकी बुरशी येते, ती सुईच्या टोकाला गोळा होते आणि मग सुई खाचेत नीट बसतच नाही, स-श-ष सगळे फाटके ऐकू येतात. बुरसलेली रेकॉर्ड या कार्ट्रिजखाली घालायची नाही म्हणजे नाही. मेडिकलमधनं डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादाच थेंब, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल गोल धुवा, लेबल भिजू देऊ नका, परत नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवून सावलीत उभी वाळवा. विहिरीचं पाणी नको, ते सुकलं की क्षार खाचेतच राहतात. वाळल्यावर आतून पॉलिथिनचं अस्तर असलेल्या पाकिटात घाला आणि उभ्याच ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटं लांब. बाहेरून घालायला जाड चकचकीत पीव्हीसीची कव्हरं मिळतात ती घेऊ नका, वर्षानुवर्षं राहिली की रेकॉर्डवर धुरकट डाग पडतात.

दमट हवेचं एक सुख मात्र आहे. कोरड्या गावात रेकॉर्डवर स्थिर वीज साठते आणि धूळ ओढून घेते, चटचट आवाज येतात, तो त्रास पावसात आपल्याकडे जवळजवळ नाहीच.

सुई दर बाजूनंतर तिच्याबरोबर आलेल्या ब्रशने हलकेच पुसा, फक्त मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या बुडाकडून आपल्याकडे, आडवं कधीच नाही, आणि तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. घरात पुसापुशीला कोणी येत असेल तर त्यांना प्रेमाने सांगून ठेवा की या पेटीला हात लावायचा नाही, कारण माझ्या बघण्यात चांगल्या कार्ट्रिज झिजून कमी आणि फडक्याचा धागा कॅन्टिलिव्हरला अडकून जास्त गेल्यात. झाकण खाली असू दे, ते ऐकताना उघडलंत तरी चालेल.

वजनाचं राहिलं. सुईचा भार कंपनीने दिलेल्या आकड्याइतकाच ठेवा, अंदाजाने नाही, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. पुष्कळ जण रेकॉर्ड जपायची म्हणून भार कमी ठेवतात, त्याने उलटं होतं, हलकी सुई खाचेत उडते आणि भिंतींवर आपटून त्या खराब करते. दिलेल्या मर्यादेत थोडा वरच्या अंगाला बरा. आणि हे आकडे साधारण २० ते २५ अंशांसाठी दिलेले असतात, आपल्या मे महिन्यातल्या दुपारी रबर मऊ पडतं आणि आवाज थोडा ढिला होतो, तेव्हा दुपारी बसण्यापेक्षा पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतर बसा, ऐकायला तीच वेळ चांगली.

पत्रात तुम्ही खाली लिहिलंय की माडीच्या फळ्या चालताना दणकतात आणि सुई उडते. यावर रबरी पाय, स्पंजचे तुकडे कशातही पैसे घालू नका. टर्नटेबल भिंतीवरच्या फळीवर घ्या, जांभ्याची जाड भिंत अशा कामाला फार उत्तम, फक्त जांभा भुसभुशीत असतो, आखूड प्लग दोन महिन्यांत सैल होतो म्हणून लांब बोल्ट खोलवर बसवून घ्या आणि फळी लेव्हल लावून बघा.

प्रश्न : आजोळी वेंगुर्ल्याला माळ्यावर आजोबांच्या जुन्या ७८ च्या रेकॉर्डी सापडल्या, बालगंधर्वांच्या आहेत, इतक्या दिवसांत कोणी ऐकलेल्या नाहीत. ह्यांच्याकडे भारी कार्ट्रिज आहे, टर्नटेबलवर ७८ चा स्पीडही आहे. आईला ऐकवायच्यात. लावू का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ताई, त्या कार्ट्रिजने नको, दोघांचंही नुकसान होईल. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची आणि ७८ च्या खाचेला लागते ती ७५ च्या आसपास, म्हणजे चौपट जाड. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन कचऱ्यात लोळते, त्यातनं नुसता खरखराट येतो आणि या तबकड्या लाखेच्या, लाखेत दगडाची पूड मिसळलेली, तिच्यावर तुमच्या ह्यांचा हिरा घासला जाईल.

यासाठी एक वेगळी मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे साध्या जातीची, कार्ट्रिज घ्या, ७८ ची सुई बसवलेली, वेगळ्या हेडशेलमध्ये लावून ठेवा, लागेल तेव्हा बदलायची. ऑर्टोफोनची २एम ७८ आहे, ६५ मायक्रॉनची सुई, भारी कार्ट्रिजच्या मानाने फारच स्वस्त. आवाज जरा बंद-बंद वाटेल कारण आजचे फोनो स्टेज (कार्ट्रिजचा सिग्नल वाढवून ॲम्पला देणाऱ्या पेट्या) १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए मापावर, म्हणजे रेकॉर्ड कापताना बास-ट्रेबल किती कमीजास्त करायचे त्या ठरलेल्या हिशोबावर, चालतात आणि त्याआधीच्या तबकड्या वेगवेगळ्या मापांनी कापलेल्या, तेव्हा ट्रेबल थोडा खालीवर करून कानाला बरं वाटेल तिथे थांबायचं.

आणि हे नीट लक्षात ठेवा, या तबकड्या साफ करताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, एका फडक्यात गाणं पुसलं जाईल, परत मिळायचं नाही. डिस्टिल्ड पाण्यात मऊ ब्रश ओला करून घ्या, लगेच कोरडी करा, आणि दोन्ही हातांनी कडेला धरा कारण पडली की काचेसारखी फुटते. आईंना ऐकवाल तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग करून ठेवाच, म्हणजे पुढच्या वेळी तबकडी काढायला नको.

प्रश्न : साध्या कार्ट्रिजवरून मूव्हिंग कॉइलवर आलो आणि हम्म असा आवाज सुरू झाला, आधी नव्हता. दुकानदार म्हणतो कार्ट्रिज खराब, नवीन घ्या. आणि इथे लाईट सारखी जाते, इन्व्हर्टरवर वाजवलं तर चालेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : नवीन घेऊ नकोस मित्रा, इतक्यात तरी नाही. साध्या कार्ट्रिजचा सिग्नल ५ मिलीव्होल्टच्या आसपास असतो, याचा ०.३, म्हणजे सोळा-सतरा पट जास्त वाढवून घ्यावा लागतो आणि त्याच्याबरोबर गुणगुणही तितकीच वाढते, आधीही ती होतीच, ऐकू येत नव्हती. टर्नटेबलमधनं येणारी अर्थची सुटी वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला घट्ट आहे का बघ, ती जागा कळकली असेल तर घासून घे. मग फोनो स्टेज उचलून स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टरपासून जमेल तितका लांब ने, ॲम्पच्या डोक्यावर तर ठेवूच नको. हळूहळू सरकवत ऐक, कुठेतरी आवाज एकदम बसेल. तरी नाही गेला तर घराचं अर्थिंग वायरमनला दाखव, समुद्रकाठी अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली निघते बरेचदा.

इन्व्हर्टर साधा स्क्वेअर वेव्हचा असेल तर नको, मोटर घुरघुरते आणि ती घुरघुर सुईतनं थेट स्पीकरमध्ये येते, साइन वेव्हचा असेल तर चालेल. वाजता वाजता लाईट गेली तर सुई आहे तिथे सोडून देऊ नकोस, आर्म लिव्हरने उचल आणि जागेवर ठेव, आणि अंधारात चाचपडत तबकडी हाताने उलटी फिरवू नकोस, टॉर्च जवळच ठेव.