गुडघेदुखी, मळमळ आणि १४ वर्षांची मिनीव्हॅन

प्रश्न : आमची सात सीटची मिनीव्हॅन १४ वर्षांची झाली. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई असे सगळे तिच्यातूनच फिरतो. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. हल्ली खड्डा आला की मागून धडधड आवाज येतो, सरकता दरवाजा जड झालाय आणि मुलीला मागच्या सीटवर मळमळतं. ह्यांचं म्हणणं, ही काढून उंच एसयूव्ही घेऊ. माझं मन होत नाही. तुम्ही काय सांगाल?
– एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं मन होत नाही त्याला सबळ कारण आहे. सासूबाईंपासूनच सुरुवात करते. सीट फार खाली असली तर गुडघे पूर्ण वाकवावे लागतात, फार वर असली तर एका पायावर भार देऊन चढावं लागतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला दोन्ही त्रासाचंच. मिनीव्हॅनची सीट साधारण कमरेच्या जरा खाली येते. पाठ सीटकडे करून टेकायचं, मग दोन्ही पाय आत फिरवायचे. दार सरकतं असल्यामुळे शेजारी गाडी उभी असली तरी ते पूर्ण उघडतं.

ही सोय गाडीच्या मूळ आखणीतच आहे. १९८४ मध्ये रेनॉ कंपनीची एस्पास ही मिनीव्हॅन आली, त्याच सुमाराला क्रायस्लरच्या मिनीव्हॅनही आल्या. दोन्हींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना दिली होती. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, नाही, म्हणून तळ खाली आणि सपाट ठेवता आला. आखणी जुनी होत नाही, ताई. चौदा वर्षांपूर्वी तळ जेवढा खाली होता, तेवढाच आजही आहे. तुमच्या ह्यांना सांगा, एसयूव्ही बघायला जाल तेव्हा सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांना दोनदा चढू-उतरू द्या.

माझ्या घरीही अशीच जुनी गाडी आहे. मागची रांग मी कायम तळात दुमडूनच ठेवते. बाबांची घडीची व्हीलचेअर तिथे उभीच्या उभी जाते आणि शेजारी दोन बॅगा राहतात. ही जागा देणारी दुसरी गाडी मला अजून सापडलेली नाही.

आता धडधड. ती बहुधा वाळलेल्या रबराची आहे. सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकं गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या भागांच्या, सांध्यांत बुश नावाचे रबरी तुकडे असतात, ते वयाने कडक होतात, चिरतात, मग लोखंडावर लोखंड आपटतं. गाडीचं झुलणं थांबवणारे शॉक अॅब्सॉर्बरही बघा. गाडीचा मागचा कोपरा जोर लावून खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक, झुलत राहिला तर शॉक गेला. शॉकच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला तरी तेच समजा. बदलताना डावा-उजवा दोन्ही एकदम बदला.

मुलीची मळमळ याच्याशीच जोडलेली असू शकते. शेवटची रांग मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे असते, म्हणून तिथे हेलकावा जास्त बसतो. शॉक गेलेले असतील तर आणखीच. तिला मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. हातात मोबाइल नको.

दरवाजाचं काम तुम्हीच करू शकता. तो वर, मध्ये आणि खाली अशा तीन रुळांवर चालतो. खालच्या रुळात बोट फिरवून बघा : वाळू, केस, खाऊचा चुरा, आणि या सगळ्याला धरून बसलेलं काळं ग्रीस. जुन्या टूथब्रशने ते सगळं खरवडून काढा, कापडाने पुसा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. नुसतं नवं ग्रीस लावाल तर धूळ आणखी चिकटेल. एवढं करूनही दार अडलं तर रोलर झिजलाय, तो बदलता येतो.

तुमच्या ह्यांचा एक मुद्दा मात्र मला पटतो, सुरक्षेचा. नव्या गाड्यांत एअरबॅग जास्त असतात, घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा असते. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. रांगेतल्या मधोमधच्या सीटला खांद्यावरून न जाणारा, नुसता कमरपट्टा असेल तर तिथे कुणाला बसवू नका. टायरच्या बाजूवर ‘DOT’ या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्या, दहा झाली तर नक्षी शाबूत असली तरी बदला.

आणि यातल्या कशावरही पैसे घालण्याआधी गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. जॅक लावायच्या जागा, दाराखालचा पत्रा आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय ते भाग मेकॅनिकला स्क्रूड्रायव्हरने टोचून बघू द्या. वरवरचा गंज घासून रंगवता येतो. टोक आरपार गेलं, तर शॉक आणि बुशचा खर्च करू नका, गाडी काढा.