शेंडेमर : फवारणी थांबवा, कात्री घ्या

प्रश्न : गुलाब आणि जास्वंदीच्या फांद्या शेंड्याकडून तपकिरी होत खाली वाळत येतात. दुकानदाराने बुरशीनाशक, कीटकनाशक आणि टॉनिक एकत्र करून दिलं. दोनदा फवारलं, तरी वाळणं थांबत नाही. काय करावं?

उत्तर : पहिली गोष्ट, ती फवारणी बंद करा. तीन औषधं एका पंपात घातल्याने रोग बरा होत नाही, कोवळी पालवी मात्र करपते. मग ती करपसुद्धा रोगच वाटते आणि माणूस चौथी बाटली आणतो. असं बऱ्याच बागांत होताना पाहिलं आहे.

आता फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं लागलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी लागलं तर हिरवं लागेपर्यंत खाली खरवडत या. वाळलेल्या आणि हिरव्या भागांमध्ये स्पष्ट रेघ असेल आणि मेलेल्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतील, तर ती बुरशीची शेंडेमर. फक्त पानांच्या कडा करपल्या असतील तर खत जास्त झालंय, पाण्यात क्षार आहेत किंवा पाण्याचा ताण पडलाय. त्यावर बुरशीनाशक मारून काहीही उपयोग नाही. पूर्ण झुडूप मलूल दिसत असेल तर थोडी माती उकरून बारीक मुळं बोटांत ओढा. वरचं आवरण मोज्यासारखं निसटून आत नुसता दोरा उरला, तर मुळं कुजली आहेत. तिथे आधी पाण्याचा निचरा करा.

शेंडेमरीला खरा इलाज कात्रीच. रेघेच्या खाली दोन-तीन इंच, निरोगी लाकडात, डोळ्याच्या (फांदीवरच्या कोंबाच्या) वर तिरका काप घ्या. कापाच्या मध्यभागी तपकिरी डाग दिसला तर आणखी खाली कापा, इथे फांदीची दया करू नका. दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. पावसात किंवा झाडं ओली असताना छाटणी करू नका. कोरडा दिवस निवडा.

कापावर त्याच दिवशी बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे, अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका. मलम ताजंच लावा, उरलेलं दुसऱ्या दिवशी चालत नाही.

फवारणी करायचीच असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक एकटंच, लिटरला अडीच ते तीन ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी. “जोरदार लागलाय, पाच घाला” असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ऐकू नकाच. तांब्याची मात्रा वाढली की पानं जळतात. भर उन्हातही मारू नका.

छाटल्यावर लगेच युरियाही नको. लुसलुशीत फूट येते आणि बुरशीला तीच सोपी पडते. कुजलेलं शेणखत द्या, पण खोडाला टेकवू नका, चार बोटं लांब ठेवा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) घालायचा तर तांब्याच्या फवारणीनंतर पंधरा दिवसांनी. माती परीक्षण एकदा करून घ्या, क्षारांचं कळेल. छाटलेल्या काड्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, बागेबाहेर नेऊन जाळा.