ग्रीनला भोकं का पाडतात, आणि तुमचा पट आखूड का राहतो

नमस्कार भाऊ. तुमच्या गोल्फबद्दल तीन तक्रारी आहेत. उन्हाळ्यात जमलेली चिप (होलजवळून चेंडू थोडा उचलून मारायचा छोटा फटका) पावसाळ्यापासून बिघडली, वेज (तिरप्या तोंडाची काठी) जमिनीत रुततो. एकाच ग्रीनवर (होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) एक पट, म्हणजे होलकडं घरंगळत नेलेला फटका, आखूड राहतो, दुसरा होल सोडून चार पावलं पुढं पळतो. आणि आता ऑक्टोबरात कुठं पाऊस उघडला, तर मैदानवाल्यांनी सगळ्या ग्रीनना भोकं पाडून वर वाळू पसरली, वर्गणी भरणाऱ्यांचा हंगाम घालवला. नवा पटर (पटची काठी) घेऊ का, असंही विचारलंय.

पटर घेऊ नका. तिन्ही गोष्टींचं मूळ पायाखालच्या गवतात आणि मातीत आहे. तुम्ही निपाणीकडचे, घरचा ऊस असलेले. म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे, फक्त शेतात बघता तसं मैदानावर बघायला लागायचं.

आपल्या हवेत गोल्फच्या मैदानावर टिकतं ते गवत बहुतेक करून बर्म्युडा, म्हणजे हरळीच. ग्रीनवर तिच्या बारीक पानाच्या संकरित जाती लावतात. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला निघालेल्या टिफग्रीन (१९५६) आणि टिफड्वार्फ (१९६५) ह्या त्यातल्या जुन्या आणि नावाजलेल्या. शेतात हरळी शिरली की आपण हैराण होतो, कारण तोडलेल्या प्रत्येक पेरातून ती परत फुटते. मैदानाला तिचा हाच चिवटपणा हवा असतो. तीन-चार मिलिमीटरवर सारखी कापली आणि वरून दिवसभर माणसं चालली तरी ती तग धरते.

पण हरळी आडवी पळते, आणि जिकडं पळते तिकडं तिच्या पात्यांचा कल राहतो. ह्याला ग्रेन म्हणतात. तुमचे पट आखूड-लांब होतात ते बहुतेक ह्याच्यामुळं. होलच्या दिशेनं बघताना गवत चकचकीत, फिकट दिसलं तर कल तुमच्यापासून लांब जातोय, चेंडू पळणार. गडद, मंद हिरवं दिसलं तर कल तुमच्याकडं आहे, जोर वाढवा. शंका राहिली तर होलपाशी जाऊन त्याची कड नीट बघा. दुपारपर्यंत एका बाजूची कड विस्कटलेली, करपल्यासारखी दिसते आणि समोरची स्वच्छ राहते. विस्कटलेली बाजू जिकडं, कल तिकडं. कल आडवा असेल तर चेंडू शेवटच्या दोन-तीन फुटांत, वेग मेल्यावर, तिकडं ओढला जातो. उतार डावीकडं आणि कल उजवीकडं असला की पट सरळ जातो, आणि आपण उगाच मनगटाला दोष देत बसतो.

दिवसाची वेळही धरा. सकाळी दव असताना ग्रीन जड असतं, कापून वाळल्यावर पळतं आणि संध्याकाळपर्यंत वाढीच्या दिवसांत परत थोडं मंद होतं. शनिवारी सकाळी सातचा अंदाज रविवारी दुपारी चारला वापरला तर फसणारच.

आता भोकांबद्दल, कारण तुमचा खरा राग तिथं दिसतोय आणि मला तो दूर करायचा आहे. पावसाळ्याचे चार महिने ग्रीनवर पाणी पडतं, पाय पडतात, यंत्र फिरतं, आणि खालची माती चोपून घट्ट होते. वर मेलेल्या काड्या-मुळ्यांचा स्पंजासारखा थर साचतो, त्याला थॅच म्हणतात. हा थर अर्ध्या इंचाच्या वर गेला की पाणी खाली उतरत नाही, मुळं वरच्या वर राहतात आणि बुरशीला आयती जागा मिळते. घरी पिकात कोळपं फिरवता ते माती मोकळी होऊन मुळाला हवा मिळावी म्हणूनच ना? इथंही तेच. पोकळ नळीनं मातीचे लहान गट्टू उपसून काढायचे आणि त्या जागी वाळू भरायची. नव्या पद्धतीनं बांधलेल्या ग्रीनमध्ये मुळांसाठी साधारण ३० सेंटिमीटर वाळूचा थर आणि त्याखाली १० सेंटिमीटर खडी असते, पाणी झरझर खाली जातं. जुनी मैदानं स्थानिक मातीच्या भरावावर उभी असतात, आणि खानापूरच्या बाजूची तांबडी चिकट माती असेल तर तिथं वाळूशिवाय उपायच नाही.

आणि ऑक्टोबरच का? कारण भोकं हरळी जोमात असतानाच भरून येतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री १५ अंशांच्या आसपास गेल्या की तिची वाढ थंडावते. तेव्हा पाडलेली भोकं फेब्रुवारीपर्यंत तशीच दिसली असती. ऑक्टोबरची ऊब असताना दोन-तीन आठवड्यांत ग्रीनची भोकं भरून येतात, आणि ज्या हिवाळी हंगामासाठी तुम्ही वर्गणी भरता तो सगळा चांगल्या ग्रीनवर मिळतो. ज्या मैदानावर हे काम वेळेवर होतं, तिथल्या माळ्यांचे आभारच मानायला हवेत.

त्यांच्याशी बोला. सकाळी लवकर गेलात तर माळीमामा लांब बांबू नाहीतर पाईप ग्रीनवरून ओढताना दिसतील. पात्यांवर दव तासन्‌तास राहिलं की डॉलर स्पॉटसारखी बुरशी नाण्याएवढे फिकट ठिपके पाडत जाते, म्हणून ते झटकतात. हुमणी तुम्हाला सांगायला नको. वळवाच्या पहिल्या पावसानंतर भुंगेरे कडुलिंबा-बाभळीवर बसतात आणि पुढं अळ्या उसाची मुळं खातात. अशाच अळ्या फेअरवेची (ग्रीनकडं जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) मुळंही खातात, आणि गवताचा पट्टा चटईसारखा हातात उचलून येतो. असा पट्टा दिसला तर लगेच सांगा. शेतकऱ्याच्या नजरेला जे आधी दिसतं ते शहरी सदस्याला दिसत नाही.

आपल्याकडून करायचं तेही मनापासून करा. ग्रीनवर चेंडू पडून खड्डा झाला तर फोर्क (खिशातला छोटा काटा) कडेनं खुपसून गवत मध्याकडं ढकलायचं आणि पटरनं हलकं दाबायचं. खालून वर उचकटलं की मुळं तुटतात. लगेच बुजवलेली खूण काही दिवसांत भरते, सोडून दिलेली आठवडेच्या आठवडे तशीच राहते आणि मागच्याचा पट उडवते. २०१९ च्या नियमांपासून ग्रीनवरच्या बुटांच्या खुणाही पटच्या आधी सारख्या करता येतात. फेअरवेवरच्या डिव्हटमध्ये (फटक्यानं गवताचा तुकडा उडून पडलेला खड्डा) मात्र हरळी असेल तर वाळू भरा. उडालेला तुकडा परत चिकटवून उपयोग होत नाही, कडेच्या कांड्याच वाळूवरून पळत येऊन जागा भरतात.

आता चिप. मार्च-मेमध्ये आपली जमीन दगडासारखी असते. तेव्हा कमी बाउन्सचा (बाउन्स म्हणजे वेजच्या तळाचा कोन) वेज, म्हणजे चार ते सहा अंशांचा, चेंडूखाली सहज शिरतो. पावसानं तीच जमीन मऊ झाली की त्याची पुढची धार रुतते. तुमचं नेमकं हेच झालंय, हात बिघडलेला नाही. ओल्या दिवसांत दहा अंश किंवा जास्त बाउन्सचा सँड वेज घ्या, दांडा पुढं फार झुकवू नका आणि वेजचा तळ गवतावरून घसरू द्या. कल तुमच्याकडं असेल तर वेज जास्तच अडकतो, तिथं सरळ नऊ नंबरचं आयर्न (धातूच्या पात्याची काठी) घेऊन पटसारखा फटका मारा. उन्हाळ्यात चेंडू आधी टाकून घरंगळू द्यायचा, पावसाळ्यात हवेतूनच पोचवायचा.

रफबद्दल, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवताबद्दल, एवढंच की पावसानंतर चेंडू शोधण्यात जीव घालू नका, नियमानं तीनच मिनिटं मिळतात. आपल्याकडं झाडी किती माजते ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांनी बघितलंय. बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैल हत्ती छावणीतून हत्ती आणले, तरी कित्येक दिवस तो हाती लागला नाही. ओल्या फेअरवेवर चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर दंड न घेता उचलून तिथंच जवळ परत टाकता येतो, तो हक्क वापरा.

पुढचे दोन-तीन आठवडे स्कोअर लिहू नका. वाळूवर चेंडू उड्या मारतो, तिथले पट मोजण्यात अर्थ नाही. तो वेळ चिपला आणि बंकरला (वाळूचा खड्डा) द्या. वाळू आत मुरली की माळीमामांना विचारा, कापणीची उंची कधी खाली आणणार. त्या आठवड्यात ग्रीनचा वेग बदलेल. तेव्हा सरावाच्या ग्रीनवर वीस फुटांवरून, होल न बघता, ग्रीनच्या समोरच्या कडेपर्यंत चेंडू नेऊन थांबवायचा सराव करा. आधी कलाबरोबर, मग कलाविरुद्ध. दोन्हीकडचा जोर हातात बसला की मग होलकडं वळा.