मॉक-अप बसत नाही? आधी मागची फट बघा

कॉर्सेट, म्हणजे पाठीमागे नाडीनं आवळायचा, कंबर घट्ट धरणारा कपडा, पहिल्यांदाच शिवणाऱ्यांची पत्रं येत राहतात आणि गोंधळ बहुतेक तोच असतो: मॉक-अप (मूळ कापड कापण्याआधी साध्या कापडाचा शिवून बघायचा नमुना) अंगावर नीट बसत नाही, आता कुठून कापू? कात्री हातात घेण्याआधी ही उत्तरं वाचा.

प्रश्न : मॉक-अपसाठी जुनी चादर चालेल का?

नाही. धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड ताणलं जातं आणि चुकीचं माप दाखवतं. घट्ट विणीचं, न ताणणारं जाड सुती कापड घ्या.

प्रश्न : मॉक-अप शेवटी उसवायचाच असतो. त्यात बोन (कपडा ताठ ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या) घालायलाच हवेत का?

हवेत. निदान नाडीच्या भोकांच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या मध्यावर आणि बाजूच्या शिवणींवर. रुंद केबल टाय कापून, टोकं गोल घासून चिकटपट्टीनं लावले तरी काम भागतं. बोन नसले की कापड कंबरेपाशी चुरगळतं आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करत बसता.

प्रश्न : नाडी आवळल्यावर मागच्या कडा कंबरेपाशी जवळ येतात, पण खाली बरीच फट राहते. कंबर आणखी आत घेऊ का?

कंबरेला हात लावू नका! तुमचा मॉक-अप हिपला कमी पडतोय. याच जागी सगळ्यात जास्त कापड वाया जातं, म्हणून सविस्तर लिहिते.

आरशात पुढून कॉर्सेट छान दिसला म्हणजे तो बसला असं नाही. निकाल पाठीवर लागतो. नाडी कंबरेपासून वर आणि खाली सारखी ओढून घ्या, सरळ उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा. स्वतः मान वळवून बघितलंत तर अंग पिळतं आणि फटही वाकडी दिसते. दोन्ही कडा वरपासून खालपर्यंत समांतर हव्यात, मध्ये साधारण 5 सेंमी अंतर. खाली फाकल्या तर हिपला कापड कमी. वर फाकल्या तर बरगड्यांना किंवा छातीला कमी. दोन्ही टोकांना फाकल्या तर दोन्हीकडे कमी. नवशिक्यांचं बहुतेक हेच होतं. फक्त कंबरेत फाकल्या तर कंबर जास्त आत घेतली गेली, नाहीतर वर-खाली कापड जास्त आहे.

आता हिशोब. कंबरेपाशी फट 5 सेंमी आणि खाली 9, म्हणजे हिपला एकूण 4 सेंमी वाढवायचे, प्रत्येक बाजूला 2. हे 2 सेंमी एकाच शिवणीत कोंबलेत तर तिथे टेंगूळ येईल. एका बाजूला चार शिवणी असतील तर प्रत्येकीत अर्धा सेंमी, म्हणजे पॅनलच्या (कॉर्सेटच्या उभ्या तुकड्याच्या) प्रत्येक कडेला पाव सेंमी. वाढ खालच्या काठापासून कंबरेच्या रेषेपर्यंत हळूहळू शून्यावर आणा. ताण नेमका पोटावर असेल तर पुढच्या शिवणींना जास्त द्या, मागे असेल तर मागच्यांना. म्हणूनच सांगते, मॉक-अपला 2.5 सेंमी माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडा, टाका लांब ठेवा आणि प्रत्येक पॅनलवर कंबरेची रेषा आखा. रेषाच नसेल तर काय कुठे सरकलं हे कळणार कसं?

फट तिरकी असेल, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा वर जात असेल, तर अंदाजानं काही करू नका. कॉर्सेट शिवणाऱ्या अनुभवी व्यक्तीला मॉक-अप अंगावर घालून दाखवा.

प्रश्न : एका व्हिडिओत सांगितलंय की सगळ्या मापांतून 4 इंच वजा करायचे. बरोबर आहे का?

चूक आहे. कंबर मऊ असते, दाबली जाते; बरगड्या आणि हिपचं हाड दाबून कमी होत नाही, आणि कंबरेतून सरकलेल्या मांसाला खाली जागाही लागते. पहिल्या कॉर्सेटला कंबरेत 5 सेंमी कमी पुरे. हिपमधून काही वजा करू नका. ‘फिटिंगची गरज नाही’ असं छापून विकल्या जाणाऱ्या पॅटर्नवरही विश्वास ठेवू नका. नुसत्या कंबरेच्या मापावरून धडाची लांबी कळत नाही.

प्रश्न : मॉक-अप घालून बसले की मांडीला मुंग्या येतात. मैत्रीण म्हणते, सवय होईल.

मैत्रिणीचं ऐकू नका. नाडी लगेच सैल करा. हिपच्या हाडाजवळून जाणारी नस दाबली गेली की मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येऊ शकतात. खालचा काठ मांडीत रुततोय का, हे बसूनच तपासा. सैल करूनही मुंग्या राहिल्या, किंवा दम लागला, छातीत जळजळलं, तर डॉक्टरांकडे जा. गरोदरपण, हर्निया, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर मॉक-अप घालण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : कार्यक्रम तोंडावर आलाय. बदल थेट मूळ कापडावर केले तर?

नाही. बदल आधी कागदी पॅटर्नवर उतरवा, दुसरा मॉक-अप शिवा, तो घालून अर्धा तास बसा, चाला, वाका आणि पुन्हा फट बघा. एवढा वेळ नसेल तर कार्यक्रमाला दुसरं काही घाला आणि मूळ कापड घडी घालून ठेवा.