भुसावळला उतरलेला होम्स : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात आम्ही चाळीसगावच्या एका लेखिकेच्या पाच कथांचा परिचय करून दिला होता. आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्स या गुप्तहेरावर या लेखिकेचा लहानपणापासून जीव आहे. तिने त्याला १८९३ च्या पावसाळ्यात भुसावळ स्थानकावर उतरवले असून रेल्वेच्या तारघरात रात्रपाळी करणाऱ्या एका तरुण तारबाबूच्या तोंडून या कथा सांगितल्या आहेत. आपले नाव छापू नये अशी तिची विनंती असल्यामुळे येथे तिचा उल्लेख केवळ ‘लेखिका’ असाच केला आहे. परिचयानंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना पुढे उत्तरे देत आहोत.

प्रश्न (पाचोऱ्याहून एक वाचक) : फॅन फिक्शन म्हणजे नेमके काय? आणि खानदेशातल्या लेखिकेला लिहायला होम्सच का सापडावा?

उत्तर : आवडत्या कथेतली माणसे आणि तिचे जग मनापासून स्वीकारून एखाद्या वाचकाने प्रेमापोटी, बहुधा कोणत्याही मोबदल्याशिवाय, स्वतः लिहिलेली नवी कथा म्हणजे फॅन फिक्शन. होम्सच का, याचे उत्तर मूळ कथांमध्येच आहे. १८९३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत डॉयल यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यापाशी संपवले आणि वाचकांची नाराजी वर्षानुवर्षे सोसून १९०३ मध्ये त्याला परत आणले. कथेतल्या कालगणनेनुसार तो १८९१ च्या मे महिन्यापासून १८९४ च्या एप्रिलपर्यंत बेपत्ता असतो. परतल्यावर तो वॉटसनला, म्हणजे मूळ कथा सांगणाऱ्या आपल्या मित्राला, सांगतो, की सीगरसन नावाचा नॉर्वेजियन प्रवासी म्हणून आपण दोन वर्षे तिबेटात काढली, ल्हासा पाहिले, मग इराण, मक्का आणि खार्टूम असा प्रवास केला. तिबेटातून इराणकडे जाताना मधला हिंदुस्थान त्याने कसा ओलांडला, याविषयी मूळ कथेत एक अक्षरही नाही. लेखिकेने आपले बिऱ्हाड त्या मोकळ्या जागेत थाटले आहे. त्या काळात वॉटसन सोबत नव्हता, त्यामुळे कथा सांगायला दुसरा माणूस शोधणे तिला भागच होते आणि तारबाबूचा जन्म त्या गरजेतून झाला.

प्रश्न (भुसावळहून निवृत्त रेल्वे गार्ड) : पहिल्या कथेत कलकत्त्याहून येणारी मेल तापीला पूर आल्यामुळे भुसावळला अडकून पडते. माझी सारी नोकरी या मार्गावर गेली. खांडव्याकडून येणारी गाडी तापीचा पूल ओलांडल्यावरच भुसावळला पोहोचते. पूर तापीला असेल तर गाडी सावद्याच्या बाजूला, पलीकडच्या तीरावर, थांबायला हवी. होम्स मग भुसावळच्या फलाटावर आला कसा?

उत्तर : आपला आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे आणि परिचय लिहिताना आमच्याही तो लक्षात आला नाही, हे आम्ही मान्य करतो. १८७० मध्ये जबलपूरला दोन रेल्वे कंपन्यांचे मार्ग जोडले गेले आणि मुंबई ते कलकत्ता असा सलग प्रवास शक्य झाला. त्या मार्गाने येणारी गाडी इटारसी, खांडवा, बऱ्हाणपूर, रावेर, सावदा असे करत तापी ओलांडून भुसावळला येते. आपले पत्र आम्ही लेखिकेकडे पाठवले तेव्हा तिने एका ओळीत चूक कबूल केली आणि आपण पत्राच्या शेवटी सुचवलेला उपाय तत्काळ उचलला : पूर तापीऐवजी वाघूरला आणावा. वाघूर भुसावळ आणि जळगाव यांच्या मध्ये, साकेगावाजवळून वाहत जाऊन तापीला मिळते, म्हणजे मुंबईकडे निघालेली गाडी वाघूरच्या पुरामुळे भुसावळला रोखली जाणे अगदी स्वाभाविक ठरते. शिवाय ही नदी अजिंठ्याच्या डोंगरात, लेण्यांच्या कुशीतून वाहत येते. डोंगरात रात्री कोसळलेला पाऊस सकाळी साकेगावला लोंढा होऊन उतरतो, हे तारबाबूला कळण्यासाठी वरच्या गावांहून आलेला एखादा माणूस पुरेसा आहे आणि होम्सला कळण्यासाठी त्या माणसाच्या धोतरावरचा चिखल पुरेसा आहे. कथा या दुरुस्तीने अचूक होईलच, पण ती आधीपेक्षा चांगलीही होईल, असे आम्हाला वाटते.

एवढ्या बारीक गोष्टीसाठी कथेला धारेवर धरावे का, असे एका अन्य वाचकाने विचारले आहे. आमच्या मते धरावे. बुटाला लागलेल्या मातीवरून समोरचा माणूस लंडनच्या कोणत्या भागातून आला हे ओळखणारा हा नायक आहे. नदी कोणत्या बाजूला आहे हेच जिथे चुकते, तिथे भूगोलाबरोबर त्याचा स्वभावही चुकतो.

प्रश्न (अमळनेरहून एक शिक्षिका) : दुसऱ्याने घडवलेले पात्र घेऊन लिहिणे ही चोरी नव्हे का? विद्यार्थ्यांना मी काय सांगावे?

उत्तर : कायद्यापुरते उत्तर आधी देतो. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे आणि त्यानुसार लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे साहित्यकृतीवरचा हक्क टिकतो. डॉयल १९३० मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या कथांवरील ती मुदत आपल्याकडे केव्हाच संपली आहे. होम्स आज कोणालाही घेता येतो. मात्र येथे एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो : होम्सच्या मराठी अनुवादांवर त्या त्या अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. मूळ पात्र मोकळे झाले म्हणून अलीकडच्या अनुवादातली वाक्ये उचलता येत नाहीत. लेखिकेने मूळ इंग्रजी कथांवरून काम केले असून अनुवादातली एकही ओळ घेतलेली नाही, हे तिच्याशी बोलून आम्ही पडताळले आहे.

हयात किंवा नुकत्याच दिवंगत झालेल्या लेखकाची पात्रे घेण्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे रूपांतराचा हक्क मूळ लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. त्याशिवाय आपल्या कृतीची प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार लेखकाला कलम ५७ देते. केवळ कल्पनेवर कोणाची मालकी नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे, पण नावागावासह पात्र उचलणे म्हणजे केवळ कल्पना घेणे नव्हे. नंदुरबारच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने आवडत्या आधुनिक मराठी कादंबरीचा पुढचा भाग लिहून छापावा का, असे विचारले आहे. त्यालाही हेच सांगतो : वहीत अवश्य लिहावे, छापण्यापूर्वी परवानगी मागावी.

आता चोरीविषयी. चोर माल कुठून आणला ते लपवतो, आणि ही लेखिका पहिल्याच पानावर होम्सचे व डॉयल यांचे नाव घेते. विद्यार्थ्यांना आपण हा फरक सांगू शकाल. गुलाबाईच्या गाण्यांत आपल्याकडच्या मुली आपापल्या घरचा खाऊ आणि आपापली सासुरवाशीण घालतात, हे उदाहरणही त्यांना जवळचे वाटेल. तरी एक गोष्ट लक्षात असावी, की त्या गाण्यांना एकच एक कर्ता नाही आणि होम्सला आहे. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत.

प्रश्न (रावेरहून केळीचे एक बागायतदार) : दुसऱ्या कथेत सातपुड्याच्या पायथ्याचा एक वृद्ध भिल्ल होम्सला सांगतो, की साप दूध पीत नाही आणि शिट्टीवर येत नाही. यात होम्सचा अपमान झाला असे मला वाटले. लेखिका त्याची चाहती असेल तर तिने त्याला चुकीचा का ठरवावा?

उत्तर : ज्यांनी मूळ कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी संदर्भ देतो. डॉयल यांच्या १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या कथेत कलकत्त्याहून परतलेला एक डॉक्टर भारतातला विषारी साप पाळतो, बशीतल्या दुधाचे आमिष दाखवून आणि शिट्टी वाजवून त्याला माघारी बोलावतो, आणि तो साप दोरीवरून खाली-वर करतो. होम्स त्याला दलदलीतला साप म्हणतो आणि भारतातला सर्वांत जहाल साप ठरवतो. असे नाव आणि असे वर्तन असलेला साप भारतात नाही. आपल्या केळीच्या बागेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची भीती आपण रोज बाळगता, म्हणून आपल्याला हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. सापाचे अन्न म्हणजे उंदीर, बेडूक, पाली, दुसरे साप. दूध हे त्याचे अन्न नव्हे, अतिशय तहानलेला साप जे पातळ मिळेल त्याला तोंड लावतो इतकेच. त्याला बाहेरचे कान नसतात. जमिनीतून येणारी कंपने आणि काही खालच्या पट्टीतले आवाज त्याला जाणवतात, पण शिट्टीची खूण शिकून तो दोरीवरून परत येईल हे संभवत नाही.

यात होम्सचा अपमान झाला असे आम्हाला वाटत नाही, उलट लेखिकेने त्याला नीट ओळखले आहे. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत होम्सचा अंदाज साफ चुकतो. तेव्हा तो वॉटसनला सांगतो, की मी पुन्हा कधी फाजील आत्मविश्वास दाखवला तर या गावाचे नाव माझ्या कानात सांग. असा माणूस सातपुड्याच्या पायथ्याशी, सापांमध्ये आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्यासमोर बसला तर तो ऐकून घेईल. तारबाबू टिपतो तो क्षण आम्हाला पाचही कथांमध्ये सर्वांत आवडला : होम्स पाइप खाली ठेवतो, बराच वेळ काही बोलत नाही आणि मग म्हाताऱ्याला सापाविषयी आणखी विचारू लागतो. मूळ लेखकाने १८९० च्या कादंबरीत अंदमानच्या एका रहिवाशाला क्रूर, कुरूप, जवळजवळ पशू असे रंगवले होते. ते चित्र खोटे होते आणि ते वाचून जगभरच्या वाचकांच्या मनात बसले. डॉयल यांच्यावर प्रेम करणाऱ्या भारतीय वाचकाला ते कधी ना कधी सलतेच. लेखिकेने त्याचे उत्तर रागाने भाषण देऊन दिले नाही, तिने होम्सच्या समोर दुसरा एक माणूस बसवला.

तरीही आमची एक तक्रार उरते, ती येथेच नोंदवतो. हा वृद्ध फार शहाणा आहे आणि शहाणपणापलीकडे त्याला काहीच नाही. त्याला भूक नाही, जंगलखात्याचा जाच नाही, मुलाबाळांची काळजी नाही. होम्सला धडा देऊन झाल्यावर तो कथेतून नाहीसा होतो. १८२५ मध्ये कंपनी सरकारने खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली होती. या म्हाताऱ्याच्या वडिलांच्या पिढीने ती पाहिलेली असणार. एका गोऱ्या पाहुण्याशी तो इतक्या मोकळेपणाने का बोलेल, हा प्रश्न लेखिकेने स्वतःला विचारायला हवा होता. एका खोट्या चित्राची भरपाई म्हणून निर्दोष चित्र काढले, की माणूस दुसऱ्यांदा हरवतो.

प्रश्न (फैजपूरहून एक वाचिका) : भुसावळचा फाटकवाला अहिराणी बोलतो. आमच्या भागात अहिराणी कोण बोलते?

उत्तर : ताई, आपली तक्रार रास्त आहे. संपूर्ण खानदेश अहिराणी बोलतो असा समज बाहेर फार पसरलेला आहे. पण यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यात लेवा गणबोली बोलली जाते आणि बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांमुळे तिचा गोडवा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कथेतला फाटकवाला ‘मना’, ‘तुना’, ‘शे’ असे बोलतो, ती धुळे, अमळनेर, चाळीसगावकडची अहिराणी झाली. लेखिका चाळीसगावची आहे आणि तिने आपल्या आजीची बोली त्याच्या तोंडी घातली. रेल्वेमुळे भुसावळला चारी दिशांची माणसे नोकरीसाठी आली, त्यामुळे फाटकवाला अमळनेरकडचा असू शकतो, पण तसे कथेत एका वाक्याने सांगायला हवे होते.

प्रश्न (धुळ्याहून एक ज्येष्ठ वाचक) : लेखिकेची लेखणी चांगली आहे. मग तिने दुसऱ्याच्या नायकामागे वर्षे का घालवावीत? आता तिने ‘स्वतःचे’ काही लिहावे, असे आपण तिला का सांगत नाही?

उत्तर : आपल्या प्रश्नामागची आपुलकी आम्हाला समजते, आणि अनेकांनी याच शब्दांत हे विचारले आहे. पण त्यात असे गृहीत धरलेले आहे, की फॅन फिक्शन ही एक पायरी आहे आणि लेखकाने ती लवकर चढून जावी. आम्ही या पाच कथा ओळीने तीनदा वाचल्या. पहिल्या कथेत होम्स प्रत्येक पानावर आहे आणि ती कथा सर्वांत कच्ची आहे, कारण तिथे लेखिका मूळ लकबींची उजळणी करत राहते : पाइप, भिंग, लांब बोटे. जळगावच्या प्रेसमध्ये कापसाच्या गाठींचे वजन वाढवण्यासाठी पाणी मारले जाते, त्या चौथ्या कथेत होम्स जेमतेम दोन पाने येतो. उरलेली कथा तारबाबूची आहे. गाठींच्या रवानगीच्या तारा त्याच्याच हातून गेलेल्या असतात आणि आकडे जुळत नाहीत हे त्याला महिनाभर ठाऊक असते, तरी नोकरीच्या भीतीने तो गप्प राहिलेला असतो. होम्स त्याला एकच प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर देता येत नाही. हा तारबाबू डॉयल यांनी लिहिला नव्हता. मग लेखिकेचे ‘स्वतःचे’ याहून वेगळे काय असणार?

होम्स नसता तर तो घडला असता का, असेही कोणी विचारील. आम्हाला वाटते, नसता घडला. ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही अशा माणसासमोर उभा राहिल्यामुळेच तारबाबूचे गप्प बसणे आपल्याला दिसते. तिला पुढची दहा वर्षे होम्सच लिहायचा असेल तर तिने तोच लिहावा आणि आम्ही तो आनंदाने वाचू. तिच्यावर ‘यापुढे मोठे व्हा’ असा दबाव आणणारे पत्र आम्ही तिच्याकडे पाठवलेले नाही.

प्रश्न (चोपड्याहून एक वाचक) : या काळावर लिहायचे तर त्या वेळचा खानदेश कुठे वाचायला मिळेल?

उत्तर : मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८० चा खानदेश खंड सर्वांत आधी हाताशी घ्यावा. पिके, बाजार, रस्ते, नद्या, जाती-जमाती यांची त्यात तपशीलवार माहिती आहे. ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेली आहे हे मात्र वाचताना विसरू नये. धुळ्याला १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथल्या जुन्या कागदपत्रांचाही उपयोग होईल. आपण आपल्या पत्रात दाखवलेल्या दोन्ही चुका लेखिकेला कळवल्या आहेत. १८९३ मध्ये जळगावला जिल्हाधिकारी असू शकत नाही, कारण तेव्हा संपूर्ण खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे होते. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी वाटणी १९०६ मध्ये झाली. तसेच शेवटच्या कथेत होम्स अमळनेरहून रेल्वेने सुरतेला जातो, पण तापी खोऱ्यातली ती रेल्वे अमळनेरपर्यंत १९०० च्या सुमारास आली. होम्सला हा प्रवास बैलगाडीने करावा लागेल. त्यामुळे शेवटच्या कथेला बऱ्याच दिवसांची आणि अनेक मुक्कामांची भर पडेल, असे लेखिकेने कळवले आहे. त्यांतला एक मुक्काम कुठे असावा, यासाठी तिला त्या वाटेवरच्या जुन्या धर्मशाळांची माहिती हवी आहे. ज्यांच्याकडे ती असेल त्यांनी आमच्या पत्त्यावर कळवावे.