जिप्सी, होमस्टे आणि बदलते नियम

प्रश्न : कर्ज काढून जंगल सफारीसाठी जिप्सी (उघडी गाडी) घेतली. २०१२सारखं जंगल पुन्हा बंद झालं तर? (चिमूर तालुका)

भाऊ, धास्ती रास्त आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००६च्या दुरुस्तीनं व्याघ्र प्रकल्पांत गाभा (वाघांसाठी राखलेलं आतलं जंगल) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) वेगळे ठरवायला सांगितलं होतं. अनेक राज्यांनी बफर जाहीर करण्यात चालढकल केली, म्हणून जुलै २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाभ्यातलं पर्यटन थांबवलं. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली नि बंदी उठली. मात्र गाभ्याचा फार तर २० टक्के भाग पर्यटनाला, ही मर्यादा घालूनच. पर्यटनाचा ओढा बफरकडे वळला. आज ताडोब्याच्या आगरझरी, अलिझंझासारख्या बफर गेटांवर आपली पोरं गाइड म्हणून उभी आहेत.

सरसकट बंदी पुन्हा येईल असं मला वाटत नाही. गाड्यांची संख्या आणि चालकाची शिस्त यांवर मात्र बंधनं वाढतील. ताडोब्याचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंदच असतो. बँकेचा हप्ता नऊ महिन्यांच्या कमाईवर बसवा, मे महिन्यातल्या गर्दीवर नाही.

प्रश्न : एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या चालकांना का? (उमरेड तालुका)

३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली. तो व्हिडिओ पाहून जीव तुटला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी नियम सगळ्यांसाठीच कडक होतात, कारण गाड्या एकमेकींच्या मागे धावतात. पर्यटक कितीही आग्रह करो, गाडी मागे घेणाऱ्या चालकाच्या पाठीशी गावच्या समितीनं उभं राहायला हवं. तसा ठराव आजच करा.

प्रश्न : घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. कागदपत्रं काय लागतील? (भद्रावती तालुका)

ताई, पर्यटन संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात न्याहारी व निवास योजनेची चौकशी करा. घरमालकानं त्याच घरात राहणं हा तिचा गाभा. जेवण विकणार असाल तर अन्न नोंदणी लागेल. विदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न : वावरात कृषी पर्यटन केंद्र काढता येईल? (कुही तालुका)

येईल. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२०पासून आहे. आधी नोंदणी करा, मग बांधकामाला हात घाला.